पाठ लागू द्यायची नाही

१५ मार्च २०१५
रणजितची युनिव्हर्सिटीतली शेवटची कुस्ती. ब्राँझ. उपांत्य फेरीत गुणांवर हरला. पण पाठ गादीला लागली नाही. पाच वर्षांत एकदाही नाही. सहा वर्षांचा असल्यापासून हॉलमधल्या कार्पेटवर सरावाला घेतोय त्याला, आणि एकच गोष्ट घोटून घेतलीय: पाठ लागणार असं वाटलं की पालथा हो. विचार करायचा नाही.
गाडीत सुनंदा म्हणाली, "अहो, पोराला शाबास तरी म्हणा." ब्राँझला कसली शाबासकी. वाटेत कॉफीला थांबलो तेव्हा तिनं त्याला डोनट घेऊन दिला. तेवीस वर्षांचा घोडा आणि डोनट.

२ जून २०१५
डिग्री झाली, आता नोकरी बघेल असं वाटलं होतं. "बाबा, आय वॉन्ट टू गो प्रो. एमएमए." म्हणजे पिंजऱ्यात शिरून मारामारी. बुक्क्या, लाथा, गळा आवळणं, सगळं चालतं. सु. आत जाऊन रडली.
मी नको म्हणालो. मग जेवण झाल्यावर लॅपटॉपवर चार-पाच लढती पाहिल्या. जिंकणारे बहुतेक पैलवान. मनातून बरं वाटलं.

१९ सप्टेंबर २०१५
रिचमंड हिलच्या जिममध्ये गेलो. कोच डॅरेन, मार खाऊन कानांची भजी झालेला माणूस. रण्याला चक्क उताणं झोपवलं त्यानं. वर एक दांडगा बसवला आणि म्हणतो, निवांत पड, पाय त्याच्या कमरेला गुंडाळ, वाट बघ. माझं पोरगं उताणं पडून वाट बघतंय! मी बाकावरून ओरडलो, "पालथा हो!"
झाला की. डोळ्याचं पातं लवायच्या आत. मग त्या दांडग्यानं मागून गळ्यात हात घातला आणि रण्यानं हात आपटला. हरलो, सोड, असा त्याचा अर्थ.
डॅरेन माझ्याकडे आला. "सर, नो कोचिंग फ्रॉम द बेंच." सर म्हणाला म्हणजे हाकललंच.
घरी येऊन मी रण्याला म्हणालो, हात आपटायचा नाही. कधीच नाही. आम्ही लाल मातीत असला प्रकार पाहिलेला नाही.

२० फेब्रु. २०१६
पहिली लढत. ओशावा, हॉकीच्या रिंगणात पिंजरा उभा केलेला. रण्यानं पट काढला, उचलून आपटला, वर बसून तोंड फोडलं त्याचं. दीड मिनिट. त्या पोराची आई आमच्या पुढच्या ओळीत होती, ओंजळीत तोंड धरून बसली होती. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. सु. शर्ट ओढत होती. ओढू दे. पंधरा वर्षं मी कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो, उभं राहून टाळ्या वाजवण्यासारखं काय घडलं माझ्या आयुष्यात?

१० सप्टें. २०१६
हरला. पडला, पालथा झाला, मागून गळा. हात आपटला. मी गाडीत एक शब्द बोललो नाही. तो मागच्या सीटवर बर्फाची पिशवी मानेला लावून.
हे दुसऱ्यांदा हात आपटणं झालं.

४ मार्च २०१७
पुन्हा तेच. अगदी तेच. पडला, पालथा, गळा. लोक हसले. माझ्या मागे एक जण म्हणाला, "ही जस्ट गिव्ह्ज इट अवे."
बाहेर पार्किंगमध्ये डॅरेन भेटला. म्हणाला, ही टर्न्स एव्हरी टाइम. कुस्तीत पाठ जमिनीपासून वाचवायची, इथे समोरच्याला पाठच द्यायची नाही. उताणा राहिला तर सुरक्षित आहे, हात-पाय मोकळे असतात. पण कुणीतरी लहानपणी याच्या हाडात घातलंय, मला ते काढायला दोन वर्षं लागतील.
मी म्हणालो, मान कच्ची आहे त्याची. मानेचा व्यायाम घ्या.
त्यानं माझ्याकडे बघितलं आणि गाडीकडे निघाला.

२६ मार्च २०१७
रण्या म्हणतो, रोज एक तास नुसतं उताणं पडायचं, वर माणूस घेऊन. पालथा झाला की शिक्षा, वीस बर्पी, म्हणजे झोपून उठून उड्या. "बाबा, प्लीज, जिममध्ये येऊ नका काही दिवस." डोळ्यात बघून म्हणाला नाही. बुटाची नाडी बांधत म्हणाला.
बरं. नाही येत. मला काय हौस आहे?

२१ ऑक्टो. २०१७
कोक्विटलामला लढत. तो आणि डॅरेन विमानानं गेले, आम्ही लॅपटॉपवर. पडला. पालथा झाला नाही. पाय गुंडाळून पडून राहिला, मग वरच्याचा हात धरला, कोपर उलटं मोडत आणलं. त्या माणसानं हात आपटला. जिंकला!
सु. नाचायची बाकी होती. मला मात्र बघवत नव्हतं. पाठीवर पडून जिंकला. माझ्या वस्तादांनी पाहिलं असतं तर थुंकले असते. जिल्ह्याच्या फायनलला माझी पाठ लागली तेव्हा तालमीतल्या कुणीही माझ्याशी महिनाभर बोललं नाही.
त्याचा फोन आला. "बाबा, पाहिलं?"
मी म्हणालो, "पाहिलं. गादी मऊ होती ना?"
त्यानं फोन ठेवला.

१ नोव्हें. २०१७
जिमजवळ राहायला गेलाय. अकरा दिवस मला फोन नाही. आईच्या फोनवर बोलतो, मी खोलीत आलो की "ओके आई, बाय."

२५ मार्च २०१८
मोठी बातमी. १४ एप्रिलला लढत, इथेच. अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीचा माणूस बघायला येणार. जिंकला तर करार. हरला तर सव्वीस वर्षांच्या, आधीच दोनदा गळा आवळून घेतलेल्या पोराकडे पुन्हा कोण बघणार? हे रण्यानंच सांगितलं, आईला. मी भिंतीपलीकडून ऐकलं.

१३ एप्रिल २०१८
वजन उतरवायला घरी आला. उद्याच्या लढतीचं वजन आज दुपारी. अजून दीड किलो जास्त. सकाळी टबात कढत पाणी, मीठ. मी तपेल्यानं ओतत होतो. ओठ फुटलेले, पाणी प्यायचं नाही. मध्येच उभं राहताना भिंत धरली.
म्हणाला, "बाबा, पाठ चोळा ना." किती वर्षांनी हात लावला त्या पाठीला. खांद्याच्या हाडांवर मॅटनं घासून घट्टे पडलेत. कुस्तीगिराच्या छातीला असतात, याच्या पाठीला. मला रडू आलं. तोंडावर पाणी मारून घेतलं.
मग म्हणाला, "उद्या घरीच बघा ना. लाइव्ह दिसतं."
मी म्हणालो, तिकिटं काढलीत.
तो पाण्यात तोंड बुडवून बसला.

१५ एप्रिल २०१८
काल.
बर्फाचा पाऊस, विंटर टायर अजून काढले नाहीत ते बरं झालं. पिंजऱ्यापासून तिसऱ्या रांगेत.
पहिल्या दोन फेऱ्या रण्याच्या. तिसरीत मिनिटभर उरलं असताना त्या मॉन्ट्रियलच्या पोरानं पाय काढला. रण्या उताणा. पाय गुंडाळले. शांत होता. डॅरेन त्याला हळूच, "गुड, रॉन, स्टे देअर." नुसतं पडून राहायचं होतं. मिनिटभर. लढत खिशात होती.
मला फक्त त्याची पाठ दिसली. पूर्ण टेकलेली. मी कधी उभा राहिलो ते मला माहीत नाही.
"रण्या, पालथा हो!"
झाला. कार्पेटवर व्हायचा तसा.
त्या पोराचा हात गळ्यात गेला. या वेळी त्यानं हात आपटला नाही. मीच शिकवलं होतं. उघड्या डोळ्यांनी बेशुद्ध पडला, पाय थरथरत होते. सु.च्या तोंडातून जो आवाज आला तो मी विसरणार नाही.
आणि खोटं कशाला लिहू, एका क्षणाला मला वाटलं, आपटला नाही पोरानं. शाबास.

१९ एप्रिल
रण्याच्या गळ्यातून शब्द नीट येत नाही. सु. मऊ भात आणि ताक देते. मला वाढते, बोलत नाही.
रण्या मला म्हणाला, "बाबा, आय वॉज फाइन. आय डोन्ट नो व्हाय आय टर्न्ड. डोक्यात काहीतरी बिघडलंय माझ्या." उताणा शांत पडलो होतो एवढंच त्याला आठवतं, पुढचं काहीच नाही.
मी म्हणालो, "होतं असं."

२७ एप्रिल
करार नाही. दोन ओळींची मेल. रण्यानं डोक्याचा स्कॅन करून घेतला. मीच गाडीनं नेलं. तो मशीनच्या आत उताणा पडला होता आणि मी बाहेर त्याचं जॅकेट धरून बसलो होतो. तेव्हा सांगता आलं असतं.

३ मे
स्कॅन स्वच्छ. रण्या खूश व्हायच्या ऐवजी आणखीच खचला. "देन इट्स जस्ट मी."
स्वयंपाकघरात सु. म्हणाली, वीस दिवसांत पहिल्यांदा, "रविवारपर्यंत तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते."

६ मे, रविवार
सकाळपासून तीनदा तोंड उघडलं. एकदा हवेबद्दल बोललो, दोनदा चहाबद्दल.
आता डॅरेननं लढतीचा व्हिडिओ पाठवलाय, पिंजऱ्याजवळच्या माइकचा. रण्यानं मेसेज वाचून दाखवला: वॉच इट विथ युअर डॅड. टर्न द साउंड अप.
तो हॉलमध्ये लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडतोय. सु. त्याच कार्पेटवर भिंतीला टेकून बसलीय, माझ्या खोलीच्या दाराकडे बघत. हाक आली, "बाबा, या ना. रिमोट कुठे ठेवलाय?"
रिमोट माझ्या खिशात आहे.