कान्हाला पाचवं तिकीट

संघप्रिया,

आमटी झाकून ठेवलीय. पोरं शाळेत गेलीत. मी गोंदियाची तिकिटं काढायला स्टेशनवर चाललोय, तिथून कान्हाला जीप करू. चार नव्हे, पाच काढतो.

परवा जेवताना तू म्हणालीस, आईंनाही नेऊया. मी तुझ्यावरच ओरडलो, की बाबा गेल्यापासून ती गल्लीबाहेर पडली नाही, तिला जंगलात कशाला ओढायचं? चुकलं माझं.

आज तू ड्यूटीला गेलीस आणि आईनं सगळी लुगडी पलंगावर मांडली. म्हणाली, "भडक रंग जंगलात चालत न्हाईत म्हणं. ह्यातलं कुठलं वाघाला चालंल?" अभयारण्याचं माहितीपत्रक तिनं आपल्या दीप्तीकडून दोनदा वाचून घेतलंय!

मी म्हटलं, "आई, वाघ दिसंलच असं न्हाय."

"न्हाय दिसला तर न्हाय. त्यो तरी मला बघंल की!"

मातकट लुगडं एकच निघालं. संध्याकाळी तुम्ही दोघी महाद्वार रोडला जाऊन अजून एक घ्या. तुझ्याबरोबर जाते म्हणालीय, माझ्याबरोबर नाही.

प्रसेनजीत