पेटीने हिराचं ऐकलं

रेवदंडा, मंगळवार, दिवेलागण

जिंकलो आम्ही दोघी! घाईघाईने लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे.

महिन्यापूर्वी मासळी द्यायला आलेली हिरा कोळीण आमच्या रेडिओलाच खडसावत होती, "मेल्या, पोरांच्या होड्या दुपारीच सुटतान आन् तू वाऱ्याचं सांजच्याला सांगतंस? आधी सांग ना!" घरभर हसू. पेटीला का कान असतात? मी मात्र तिचे शब्द जसेच्या तसे मुंबईच्या रेडिओला लिहून धाडले. 'मेल्या'सुद्धा. खोडायला हवं होतं का? इकडच्या स्वारीने तर चेष्टाच केली, "कोळणीचं गाऱ्हाणं कोण वाचतोय!"

आज बातम्या संपल्यावर निवेदकाने ते पत्र वाचलं. सगळं! 'मेल्या'ला स्वतःच हसला आणि म्हणाला, उद्यापासून वाऱ्याची खबर सकाळीच देऊ.

हिरा ओटीवरच होती. पत्राचं सांगितलं, तर तिला पटेचना. "मी सांगलं, त्यानं आयकलं!" लगेच पेटीपुढे बोट नाचवलं, "आता मुंबयची बोट कवा येनार, तां पन सांगत जा."

स्वारीने गुपचूप दौत माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, "लिही. आणि 'मेल्या' विसरू नकोस."