पूरवीर कोचीत

१ जानेवारी २०२६, सांगली. सकाळी ६.४०
डायरी पतसंस्थेने दिलेली. यंदा रोज लिहायचं. मागच्या वर्षीही ठरलं होतं, पण ती डायरी आकाराने लहान होती.
संकल्प: रोज लिहिणे. दुसरा चहा बंद. कमी बोलणे, पण नेमकं बोलणे.

सकाळी १०.१५
दुसरा चहा घेतला. पाहुणा आला होता. पाहुणा म्हणजे दूधवालाच, पण त्याला एकट्याला चहा देणं बरं दिसत नाही.

सायंकाळी ५
कोचीहून मुलाचा, अवधूतचा फोन. ओवीच्या शाळेची सहल सोळा तारखेला वॉटर मेट्रोने जाणार आहे. वॉटर मेट्रो म्हणजे होडीच, पण एसी. अख्खी तिसरी जाणार आणि आमची नात नाही म्हणते. पाण्याची भीती वाटते. वर्गातल्या मुली चिडवतात म्हणून रडतेही. शेवटी म्हणाली, आधी अण्णा बसले तर मी बसेन. अण्णा म्हणजे मी. साहजिक आहे. घरात पूरवीर असताना दुसऱ्या कोणाला विचारणार?
लगेच हो म्हणालो. बायकोला, पद्माला सांगितलं तर ती हसली आणि कणीक मळायला गेली. यात हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

२ जानेवारी
हॉलमधल्या फोटोची नोंद करून ठेवतो. संदर्भ राहील. ऑगस्ट २०१९, महापूर. आमच्या गल्लीत होडी. पुढे मी, हातात वल्हं, नजर खाली, विचारमग्न. पलीकडच्या बाजूला होडीवाला बिरदेव, दरवर्षी कृष्णेवरच्या शर्यतीत उतरणारा गडी. मागे पद्मा. ती स्टीलच्या पातेल्याने होडीतलं पाणी उपसतेय, ती बाब वेगळी. फोटो पेपरात आला. मग गल्लीच्या मंडळाने विचारलं, होडीत तुम्हीच होता ना? मी म्हणालो, मीच. यात एक अक्षर खोटं नाही. शाल, श्रीफळ, आणि फ्रेमवर पितळी पट्टी: 'पूरवीर'.

३ जानेवारी
तयारी. शिट्टी, नायलॉनची दोरी, टॉर्च, ओव्याची पुरचुंडी. पद्मा म्हणाली, दिवसा टॉर्च कशाला? मी म्हणालो, पाण्याखाली दिवस नसतो. नंतर मी टॉर्चमध्ये नवे सेल घातले.
पोहणं मला येतं. १९७३ साली मामाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलो. डबा सोडायचं शिकण्याआधी सुट्टी संपली.

५ जानेवारी, कोची
मिरजेहून गाडीने आलो. अवधूत इथे मसाल्याच्या एक्स्पोर्ट कंपनीत आहे. मी मार्केट यार्डात हळदीच्या दुकानात तीस वर्षं दिवाणजी होतो, म्हणजे लाइन एकच. त्याच्या शर्टाला मिरीचा वास येतो. हळदीसारखा रंग मात्र अंगाला लागत नाही. त्याला काय अर्थ आहे?
फ्लॅट आठव्या मजल्यावर. बाल्कनीतून पाणी दिसतं. स्वयंपाकघरातूनही. या शहराला पाण्याशिवाय दुसरं काही दाखवायला नाही असं दिसतं. पडदे लावून घेतले. उन्हामुळे.

६ जानेवारी. सायंकाळी
मरीन ड्राइव्हवर गेलो. पाण्याच्या कडेने लांबच लांब फरशीचा रस्ता, बाकडी, शेंगदाणे, हातात हात घालून फिरणारी जोडपी. सोय उत्तम. मी इमारतींच्या बाजूने चाललो, कारण तिकडे सावली. सूर्य मावळल्यावर ओवीने विचारलं, आता कुठली सावली? निरीक्षण चांगलं आहे पोरीचं. माझ्यावर गेली आहे.
पुढे एक कमानीचा पूल आहे, दिव्यांचा, इंद्रधनुष्य म्हणतात त्याला. पद्मा नि ओवी चढून उतरल्यासुद्धा. मी चपलेचा अंगठा बघत खाली थांबलो. तो तुटू शकला असता.
संकल्प: उद्या होडी.

७ जानेवारी
ढग होते.

८ जानेवारी. दुपारी
आज झालंच असतं. हायकोर्टाजवळच्या जेटीवर गेलो. जेटी कसली, विमानतळ. तिकीट दाखवलं की फाटक उघडतं. काच, स्टील, स्वच्छता. पलीकडे व्हायपीन नावाचं बेट, वीस मिनिटं. मी सगळ्यांच्या पुढे. मात्र शेवटचा तुकडा तरंगता आहे. पाय ठेवला आणि तो खाली गेला. फार नाही, बोटभर. त्याच क्षणी आठवलं, बीपीची गोळी घरी राहिली. तब्येतीशी खेळ नको म्हणून परत फिरलो. ओवीही माझ्याबरोबर लगेच फिरली.
तिकिटं वाया जाऊ नयेत म्हणून पद्मा एकटीच गेली. पाऊण तासाने अननस घेऊन आली. काय सुंदर बोट आहे हो, म्हणाली. अननस आंबट होता.
(गोळी शर्टाच्या खिशातच होती. गर्दीत लक्षात आलं नाही.)

९ जानेवारी
पद्मा पुन्हा जाऊन आली. आता तिला जेटीवरची माणसं ओळखतात. तिला मल्याळम येत नाही, त्यांना मराठी येत नाही. तरी दहा मिनिटं काय बोलत होते?

१० जानेवारी. सकाळी
आज नक्की.

सकाळी ९.३०
पोटात कसंतरी होतंय. इथे सगळ्यात नारळ घालतात. बोटीची फेरी पुढे ढकलावी लागली. ओवीने विचारलं, पोटात म्हणजे कुठे? मी जागा दाखवली.

रात्री ८
अवधूत जरा स्पष्ट बोलला. म्हणे, अण्णा, ती तुमच्याच गोष्टींनी घाबरलीय. व्हिडिओ कॉलवर दर रविवारी पूर, भोवरे, खिडकीतून आलेला साप. मी कबूल केलं की माझी सांगण्याची शैली जिवंत आहे. तो म्हणाला, मी कौतुक करत नाहीये. कामाचा ताण असेल त्याला.

११ जानेवारी, रविवार
फोर्ट कोचीला गेलो. जुनं बंदर, परदेशी जहाजं शेकडो वर्षं इथेच लागत होती. बोटीने वीस मिनिटं. आम्ही टॅक्सीने सव्वा तासात गेलो. ओवीने विचारलं, रस्त्याने का? ऐतिहासिक शहर जमिनीवरून समजून घ्यावं लागतं, असं सांगितलं. ती म्हणाली, इतिहास बोटीने आला होता ना पण?
काठावर चिनी जाळी आहेत. लाकडाचा मोठा सांगाडा, चार-पाच माणसं दोर ओढतात, जाळं पाण्यातून वर येतं. त्यांच्या ओढण्यात ताल नव्हता. मी हातवारे करून सुधारणा सुचवल्या. म्होरक्याने दोर माझ्यापुढे धरला. दोर घ्यायला पाण्यावरच्या फळीवर जावं लागत होतं. तेव्हा खांदा दुखायला लागला. पद्माने दोर ओढला. जाळ्यात तीन मासे आले आणि सगळ्यांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

१३ जानेवारी
वारा आहे. बारीक, पण फसवा.

१४ जानेवारी, संक्रांत
पद्माने जेटीवर तिळगूळ वाटला. तिकीटखिडकी, सिक्युरिटी, बोटीचा चालक, सगळ्यांना. गोड बोला, हे तिने खुणेने कसं सांगितलं असेल?
ओवीने फोनवर माझा पुरातला फोटो मोठा करून बघितला. म्हणाली, अण्णा, तुमचे डोळे मिटलेत. मी म्हणालो, ऊन होतं. पुरात ऊन? मी तिळगूळ खायला घेतला.
दोन दिवस राहिले. काळजीचं कारण नाही.

१५ जानेवारी. दुपारी ३.३०
नीट लिहितो.
ओवी शाळेतून आली. दप्तर न काढता सोफ्यावर बसली आणि म्हणाली, मी उद्या जाणार नाही, बाईंना सांगा. का, विचारलं. म्हणाली, "पोटात कसंतरी होतंय." आणि हात ठेवला. त्या दिवशी मी दाखवली होती तिथेच. नेमका.
मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पोरगी माझ्यावर गेली आहे असं मी सगळ्यांना सांगत फिरतो, पण हे जावं असं मला वाटलं नव्हतं.
पद्मा आत होती. मी ओवीच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "ओवी, मी कोणाला वाचवलं नाही. वल्हं बिरदेवचं होतं. त्याने मला दोन मिनिटं धरायला दिलं होतं."
ती म्हणाली, "मग तुम्ही काय केलंत?"
"घट्ट धरून बसलो."
"भीती वाटत होती?"
"लय."
तिने दप्तर काढलं. म्हणाली, "मग आपण तेवढंच करू. धरून बसू." आणि चपला घालायला गेली.

सायंकाळी ७
बसलो. बोटीत. व्हायपीनला जाऊन आलो.
तपशील: तरंगत्या तुकड्यावर ओवीने माझा हात धरला की मी तिचा, याबद्दल दुमत आहे. लाइफ जॅकेट मागितलं. गरज नाही म्हणाले. पद्माने आपल्या ओळखीच्या माणसाला डोळ्याने खूण केली आणि ते मिळालं. नारिंगी रंगाचं. पूर्ण बोटीत मी एकटाच सुरक्षित होतो. सीटजवळच्या स्टीलच्या खांबाला दोन्ही हातांनी धरलं. डोळे मिटले.
ओवी शेजारी बसून सांगत राहिली. आता बोट सुटली. आता पूल मागे गेला. आता एक काका इडली खातायत. आता मोठं जहाज आलं, अण्णा, बिल्डिंगएवढं आहे, बघा ना. मी एक डोळा उघडला. जहाज खरंच होतं. पाणी ताटातल्या आमटीसारखं गप्प होतं. तिचा चेहरा काचेला चिकटलेला, आणि माझा हात तिने केव्हाच सोडला होता.
अवधूत ऑफिसातून थेट जेटीवर आला होता. मी अजून खांब धरूनच बसलो होतो, त्याने काचेतून फोटो काढला.

१६ जानेवारी
ओवी सहलीला गेली. खिडकीची सीट पकडली. वर्गाला सांगितलं की माझे आजोबा लय घाबरट आहेत, काल मी त्यांना नेऊन आणलं. चिडवणाऱ्या मुलींनी आता जॅकेटवाल्या आजोबांना भेटायची इच्छा व्यक्त केली आहे. प्रसिद्धी कशी मिळेल सांगता येत नाही.

१९ जानेवारी, सांगली
परत आलो. पद्माने अवधूतने काढलेला फोटो छापून पूरवीराच्या खाली लावला. सांगून बघितलं. ऐकत नाही.
विचार केला तर माझी बाजू वाईट नाही. वल्हं मारलं नाही, कबूल. पण वल्हं सांभाळलं. पुरात वल्हं वाहून गेलं असतं तर? कोणीतरी ते धरायलाच हवं होतं. या अर्थाने पट्टी बरोबर आहे.

२४ जानेवारी. सायंकाळी
पद्माचं हळदीकुंकू. बिरदेव बायकोला सोडायला आला म्हणून त्याला आत बोलावलं. दुसरा चहा झाला. त्याने भिंतीवरचे दोन्ही फोटो बघितले. खालच्या फोटोतल्या खांबावर बोट ठेवून हसायला लागला.
"अण्णा, तवा बी असंच धरलं हुतं बघा तुमी. दोन मिंटं धरा म्हणलं, तर सोडंनातच. किती मागितलं वल्हं."
मी विचारलं, मग होडी चालली कशी?
"एका बाजूनं म्या माझ्या वल्ह्यानं मारत हुतो. दुसऱ्या बाजूनं काकूंनी मारलं की. पातेल्यानं."
वरचा फोटो मी खुर्चीवर चढून बघितला. पातेलं होडीत नाही. होडीच्या बाहेर आहे, पाण्यात, अर्धं बुडलेलं. पद्माचे दात ओठावर आहेत. साडेसहा वर्षं हा फोटो मी रोज बघतोय.
स्वयंपाकघरात जाऊन पद्माला विचारलं, बोलली का नाहीस? ती वाण मोजत होती. म्हणाली, "तुम्ही शाल घेऊन किती खुश होता." आणि मला बाजूला व्हायला सांगितलं, बायका यायच्या होत्या.

२५ जानेवारी, रविवार
ओवीला व्हिडिओ कॉल. यावेळी पुराची गोष्ट नव्याने सांगितली. साप वगळला. ती म्हणाली, म्हणजे पूरवीर आजी. मी हो म्हणालो. मग आजी फोटोत मागे का? मी म्हणालो, पुढची जागा मी घेतली होती.
दुसरा चहा मी केला. त्याच पातेल्यात. पद्मा म्हणाली, साखर जास्त झाली, पण प्यायली.

२७ जानेवारी
पुराचा फोटो फ्रेमवाल्याकडे दिला. म्हणालो, मला काप आणि फक्त हिला ठेव, पट्टी तीच राहू दे. त्याने पट्टी लावून मापं घेतली, फोटो फिरवून बघितला. म्हणाला, अण्णा, तुम्ही निघताय, पण वल्हं धरलेला हात काकूंच्या पुढ्यात राहतोय. तेवढा काही निघत नाही.