चार वेळा लावलास, एकदाही लागला नाही

सुहास,

प्रिय लिहायला हात उचलत नाही, म्हणून नुसतं सुहास.

पाच महिने मी तुझ्या नावाने एक शब्द काढला नाही. रुसून गेलास असं समजून बसले होते. तू गेलास त्याआधी तीन आठवडे आपलं बोलणं बंद होतं. त्या दुपारी छातीत कळ आली तरी सख्ख्या बहिणीला फोन करावासा वाटला नाही तुला, हेच डोक्यात. काल तुझा तो मित्र मार्टिन तुझा फोन घेऊन घरी आला; तू गेल्यापासून तो त्याच्याकडेच होता. म्हणाला, "ताई, तू आधी बस." मी म्हटलं, "उभ्यानेपण ऐकू येतं मला. बोल." तर म्हणे तू फोन लावला होतास. चार वेळा. मला!

मग बसले.

सगळं त्या तुझ्या मेल्या फोनमुळे. परदेशातून मागवलास तेव्हा केवढा नाचलास! लिनक्सचा फोन. "ताई, ह्याच्यावर कोणाची मालकी नाही. आतले प्रोग्राम सगळे उघडे. कोणीही वाचावं, कोणीही सुधारावं." मी विचारलं, "आणि बोलता येतं का त्याच्यावरनं?" तू म्हणालास, "येतं ना, कधी कधी." कधी कधी! अरे, तो फोन होता की रुसका जावई?

माझ्या पिंकीच्या साखरपुड्यात फोटो काढलेस, तर सगळी माणसं हिरवी. व्याही हिरवे, जिलेबी हिरवी. वर तोंड करून सांगतोस, कॅमेऱ्याचा ड्रायव्हर कंपनी देत नाही. फोनच्या प्रत्येक भागाला कामाला लावणारा एक प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात, तो कंपन्या कुलपात ठेवतात, हे तू मला हॉलमध्ये उभं राहून समजावत होतास. पंगत खोळंबली होती!

माझी शाळा चौथीत सुटली ती तुला कडेवर घ्यायला. आई कामाला जायची, तू रडायचास. कधी बोलून दाखवलं नाही, आज दाखवते. मी घरी राहिले म्हणून तू शिकलास. शिकून हे केलंस?

आपलं भांडण झालं ते मोडेमवरून. नाव पाठ झालंय आता. फोनमधला कॉल लावणारा तुकडा. बाकी सगळं तुमचं उघडं, पण ह्या तुकड्याच्या आतलं सगळं कंपनीचं, बंद. बॅटरी वाचवायला तो झोपतो आणि कधी कधी उठतच नाही, असं तूच हसत हसत सांगितलंस. मला नाही हसू आलं. मी साधा फोन विकत घेऊन विक्रोळीला तुझ्या खोलीवर आले. "हा वापर. तो खेळायला ठेव."

तू म्हणालास, "ह्याच्यात तर कंपनीवाले मला आतलं काहीच बघू देत नाहीत."

"का बघू द्यावं? मी मसाला विकते, कोणाला माप सांगते का? धंदा आहे त्यांचा."

"पण तुझा मसाला खाऊन कोणाला त्रास झाला, त्याने येऊन विचारलं, तर सांगशील ना काय घातलंय?"

"माझ्या मसाल्याने कोणाला त्रास होत नाही," असं म्हणून मी चपला घातल्या. उत्तर सुचलं नाही म्हणून निघाले होते. तुला ते कळलं असणार. हसला असशील मागून.

खोली आवरायला आले तेव्हा तो साधा फोन कपाटात मिळाला. खोक्याचं प्लास्टिकसुद्धा फाडलं नव्हतंस. बहिणीने आणलेली वस्तू रे!

त्या दुपारी मी कुठे होते माहितीये? घाटकोपरला, घरीच. फोन मांडीवर घेऊन. सिलिंडर यायचा होता, गॅसवाला खालून फोन करतो आणि उचलला नाही तर तसाच परत जातो. म्हणून हातातून सोडला नव्हता. एक रिंग वाजली असती तरी पुरे होती. विक्रोळी काय लांब आहे? रिक्षात बसले असते तशीच.

तुझ्या फोनला म्हणे सगळं लिहून ठेवायची सवय. मार्टिनने ते काढून दाखवलं. दोन वाजून दहा मिनिटांनी तू माझा नंबर दाबलास. फोनने मोडेमला सांगितलं, लाव. मोडेम गप्प. परत दाबलास. गप्प. शेवटचा दोन एकवीसला.

"गप्प का?" मी विचारलं.

"ते नाही कळत ताई. इथपर्यंत आपल्याला दिसतं. इथून पुढे कंपनीचं. आत काय झालं ते त्यांनाच माहीत."

"मग त्यांना विचार."

विचारलं होतं त्याने. उत्तरपण आलं होतं, दोन ओळींचं. असल्या फोनची जबाबदारी आमची नाही आणि आतली माहिती देता येत नाही.

"माणूस गेला, हे लिहिलं होतंस?"

"लिहिलं होतं, ताई."

काय माणसं आहेत ही! माझ्या दारात कोणी रडत आलं असतं, की तुझा मसाला खाऊन माझा भाऊ गेला, तर मी मिरच्यांपासून दगडफुलापर्यंत सगळं माप सांगितलं असतं. धंदा गेला खड्ड्यात. घे, हे तुझ्या त्या दिवसाच्या प्रश्नाचं उत्तर. उशीर झाला.

पण म्हणून तुला सोडत नाही. भिंतीपलीकडे म्हात्रेकाकू टीव्ही बघत होत्या. भिंतीवर हात आपटायचा! ओरडायचं! अकरा मिनिटं त्या काचेवर बोट काय दाबत बसलास? तो मोडेम उठणार नाही हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आणि माझाच नंबर का? बोलणं सुरू करायला तुला हीच वेळ सापडली?

मार्टिनला आता तुझा फोन उघडून बघायला हवाय. अंधेरीला गावठाणात त्याच्या घरी तुम्ही रविवारी जमायचात, ते लोक अजून जमतात. आत काय बिघडतं ते बाहेरून चाचपून शोधतात. म्हणाला, "उघडला तर परत चालू होईलच असं नाही ताई. ते चार कॉल कागदावर काढून देतो, पण ह्यातले जातील." काल "नाही" म्हणून फोन ठेवून घेतला आणि त्याला घराबाहेर काढला.

सकाळपासून तो फोन समोर ठेवून बसलेय. सांभाळून करू काय? तो जसा तेव्हा गप्प होता, तसाच आताही गप्प.

देणार आहे मी. रविवारी स्वतः घेऊन जाणार आणि तिथेच बसणार. ह्या रविवारी नाही सापडलं तर पुढच्या. त्यांना कंटाळा येईल, मला येणार नाही. कंपनीलापण मार्टिनला परत लिहायला लावीन, उत्तर देईपर्यंत.

आणि एवढं वचन घे. ज्या दिवशी तो तुकडा सांगितल्यावर उठेल, त्या दिवशी त्याच्यावरून पहिला फोन माझ्या नंबरवर लागेल. मी पहिल्या रिंगला उचलीन आणि तुला मनसोक्त शिव्या घालीन. पलीकडे मार्टिन असेल, तर ऐकेल बिचारा.

तुझी,
ताई