चिकटलेली दोन पानं आणि मागची खोली

मी, खाली सही करणारी, एका नावाजलेल्या पियानोवादकाची विधवा, शिक्षण गावच्या शाळेत सातवी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासलंय, आणि ज्यांना शंका असेल त्यांनी पुढे वाचावं. आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळे माझ्यामागे कुणी हक्क सांगू नये. सांगणारे कोण आहेत ते मला माहीत आहे.

पहिलं, घर. हे घर माझ्या नावावर आहे, कारण यांना सरकारी कागदावर सही करायचा कंटाळा. सही करायची ती चाहत्यांच्या वहीत. तर हे घर, पुढची पियानोची खोली, तिच्या भिंतीला लागून असलेली मागची छोटी खोली, स्वयंपाकघर, गॅलरी, सगळं माझ्या नणंदेला जावं. निम्मं नाही, राहण्यापुरतं नाही, पूर्ण मालकीने. विकावं, भाड्याने द्यावं, हवं तर पाडावं.

असं का, ते वकील म्हणाले लिहायची गरज नाही. मला आहे.

यांच्या पट्टशिष्याने स्मारक समिती काढली आहे. घराचं संग्रहालय करायचं म्हणतात. पियानोभोवती दोरी बांधून ठेवणार, आणि माझा फोटो जिन्यात, ‘प्रेरणा’ असं खाली लिहून. गेल्या महिन्यात तो मोजायची टेप घेऊन आला. नणंद तिच्या त्या मागच्या खोलीत कॉटवर बसली होती. तिला म्हणाला, आत्या, जरा पाय वर घ्या. तिने घेतले. खाली टेप लावून तो मला म्हणाला, “इथे सरांचे कोट छान दिसतील.”

या खोलीत तिने अख्खं आयुष्य काढलंय. भिंतीपलीकडे पहाटेपासून भावाचा रियाज, आणि ही दारावर राखणदार. भाजीवाल्याला जिन्यातच गप्प करायची. कार्यक्रमाच्या दिवशी भावाच्या हातांसाठी कोमट पाणी हिने करायचं, आणि टाळ्या ऐकायला मी जायचं. आमचं कधी पटलं नाही. मीठ कमी यावर आम्ही चार-चार दिवस अबोला धरलाय. पण त्या संध्याकाळी ती मटार सोलता सोलता म्हणाली, “वहिनी, तू आधी गेलीस तर मी कुठे जायचं, ते आत्ताच सांग.”

मी म्हटलं, माझ्याबरोबर चल. ती हसली नाही. म्हणून हा कागद.

दुसरं, बँकेतली ठेव. तीही तिचीच. पियानोही. आवडला नाही तर त्यावर कपडे वाळत घालावेत, लाकूड चांगलं आहे.

पट्टशिष्याला रिकाम्या हाताने पाठवू नये. त्याला यांचा काळा लांब कोट द्यावा. खांद्यात ढगळ होईल, पण त्याला सवय आहे. शिवाय वह्यांच्या कपाटातलं स्वरलिपीचं सगळ्यात जाड पुस्तक द्यावं. यांची सगळ्यात गाजलेली मैफल त्याच पुस्तकावरून झाली. हे समोर पान ठेवून वाजवायचे आणि पानं मी उलटायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, मला फक्त यांची मान कळायची. मान हलली की पान उलटायचं. संसारात तेवढं पुरतं. त्या दिवशी यांनी वाजवायला बसण्याआधी जॅम लावलेला पाव खाऊन बोटं पुस्तकाला पुसली होती. मधली दोन पानं चिकटली. मी उलटलं ते थेट शेवटाजवळ. यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि असे शांतपणे पुढे गेले, जणू मधलं कुणी लिहिलंच नव्हतं. लोक उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘अनावश्यकाचा धीट त्याग’. मग काय, पुढे प्रत्येक शहरात ती दोन पानं गाळूनच वाजवावी लागली. पट्टशिष्य आता त्यालाच सरांची शैली म्हणून शिकवतो, त्यावर भाषणं देतो. त्याने ती पानं पातळ सुरीने सोडवून पाहावीत. आत बरंच संगीत आहे.

समितीने घरावर पाटी लावायची असेल तर नणंदेची परवानगी घ्यावी. प्रयत्नाला शुभेच्छा.

वकिलांचं इथवर मोठ्याने वाचून झालं तोच नणंद चहा घेऊन आत आली. मी पहिला कागद तिच्या हातात दिला. तिने उभ्यानेच वाचला, मग कॉटवर बसून परत वाचला. वकिलांना विचारलं, “हे सगळं ही गेल्यावरच ना?” ते हो म्हणाले. तिने घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, “मग राहू दे तुझ्याकडेच. मला घाई नाही.”

वकील म्हणतात हे मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हटलं, बसवा.

लिहून देणार: पियानोवाल्यांची बायको, स्वतःच्या हाताने सही
साक्षीदार: डॉक्टरीणबाई, वरच्या मजल्यावरच्या
साक्षीदार: कोपऱ्यावरचे शिंपी, चष्मा विसरल्याने ऐकून खात्री केली
ठिकाण: मागची खोली
तारीख: ९ मार्च, चहा गार व्हायच्या आत