नवरा पंप दुरुस्त करतो

३ सप्टेंबर

तीर्थरूप वन्संना,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही हे तुम्हाला मान्यही होत नाही, म्हणून पत्र. मी सुखरूप पोचले. एका शिंपीणबाईंच्या घरात मागची खोली मिळाली आहे. खिडकी लहान आहे, पण पलंगापाशी दिवा आहे. वाचणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? बाई माझ्याच वयाच्या, एकट्या राहतात. दिवसभर मशीन चालवतात आणि तोंडात टाचण्या धरून बोलतात, त्यामुळे त्यांची रशियन मला अजून उमगलेली नाही.

कारखान्यातल्या लोकांना वाटतं, मला रशियन येते. माझी रशियन कसली ते तुम्ही पाहिलंच आहे. हे पंपांची जाडजूड पुस्तकं घरी आणायचे आणि मी शब्दकोश घेऊन ओळ न् ओळ लावून द्यायची. हे गेल्यावर कारखान्याने ते काम मलाच दिलं, आणि आता समोरच्याशी बोलताही यावं म्हणून एका सत्रासाठी इथे भाषेच्या वर्गाला धाडलं. पण पंपाच्या पुस्तकात कोणी कोणाला जेवलीस का म्हणून विचारत नाही. परवा पोट बिघडलं, तर मी शिंपीणबाईंना सांगितलं की खालच्या बाजूला गळती आहे आणि दाब उतरला आहे. त्यांनी नळदुरुस्तीवाल्याला बोलावलं.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवत नाही. पहिल्या दिवशी मास्तरीणबाईंनी एकेकाला घरच्यांविषयी विचारलं. माझी पाळी आल्यावर म्हणाल्या, नवरा काय करतो? मी सांगून बसले की पंप दुरुस्त करतो. तेवढं एकच वाक्य न अडखळता आलं. सगळ्यांनी माना हलवल्या आणि बाई पुढच्याकडे वळल्या. ह्यांच्यामागे पहिल्यांदाच कोणी माझ्याकडे बघून चेहरा पाडला नाही. मग मीही गप्प बसले. रागावलात तरी लिहा.

आठवण असू द्या, आणि माझ्या कुंड्यांना पाणीही.
तुमची,
वहिनी


२२ सप्टेंबर

चि. वहिनीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि घडी घालून पिठाच्या डब्याखाली दाबून टाकलं. माझा भाऊ जाऊन तीन वर्षं झाली आणि ही बया त्याला परदेशात कामाला जुंपते! संध्याकाळी राहवेना, पुन्हा काढून वाचलं. नळदुरुस्तीवाल्यापाशी आले आणि इतकी हसले की शेजारीण काय झालं म्हणून डोकावून गेली.

राग गेला आहे, म्हणून विचारते. तिथे तो काय काय करतो? तसाच उशिरा जेवतो का? चष्मा सापडतो का त्याला?

आणि एक बोलू? इथे तू त्याचा विषयही काढू देत नाहीस. त्या दुपारी मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारातच कोणी तरी म्हणालं, शेवटपर्यंत बहिणीची वाट बघत होता. तेव्हापासून जो येतो तो मला तेच ऐकवतो. खोलीत तू एकटी होतीस. तुला विचारायला गेले की तू चहा टाकायला उठायचीस. शेवटी मी विचारणं सोडलं. आणखी किती चहा प्यायचा? पण माझा जीव त्या खोलीत अडकला आहे. ओळख ना पाळख त्या माणसांना तू त्याच्याविषयी सांगतेस, तेव्हा मलाही सांग.

कुंड्या बऱ्या आहेत. माझी माया आहेच, ती काही पाण्यावर अवलंबून नाही.
तुझी,
वन्सं


१९ ऑक्टोबर

तीर्थरूप वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमच्या भावाची खुशाली कळवते. जेवण उशिराच होतं. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर, हे आता साऱ्या वर्गाला पाठ झालं आहे. वर्गात जहाजावरचा एक आचारी आहे. आल्या आल्या मला विचारतो, आज काय हरवलं? मग उत्तर द्यावंच लागतं. ह्यांच्या निमित्ताने मी घासाघीस करायला शिकले, तक्रार करायला शिकले, भांडायलासुद्धा शिकले. मास्तरीणबाई म्हणतात, नवऱ्याचा विषय निघाला की तुमची जीभ सुटते.

पण आता मी पुरती अडकले आहे. सत्राच्या शेवटी प्रत्येकाच्या घरचं माणूस संगणकाच्या पडद्यावर येणार आणि वर्ग त्याच्याशी बोलणार. आचाऱ्याने ह्यांच्यासाठी प्रश्नसुद्धा तयार ठेवलेत. त्यात काल शिंपीणबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाल्या, तू नशिबाची, तुझं माणूस घरी आहे; माझं केव्हाच गेलं. मला त्यांच्याकडे बघवेना. ह्यांना फिरतीवर पाठवून द्यावं असं मनात घोळतंय. पंप काय, कुठेही बिघडतात.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर ह्या पत्रात नाही, हे मला कळतं. पेन उघडते आणि उठते. इथली चहाची भांडी माझी नाहीत, तरी उठते.

समजून घ्या, नेहमी घेता तसं.
तुमची,
वहिनी


४ नोव्हेंबर

चि. वहिनीस,
अ. उ. आ.

त्याला फिरतीवर पाठवायचं नाही. फिरतीवरच्या माणसाला परत यावं लागतं. तू दाराकडे डोळे लावून बसशील. मी बसून पाहिलं आहे, त्यात काही राम नाही.

आधी त्या शिंपीणबाईंना खरं सांग. चिडतील, चिडू दे. आपल्या भाषेत तोंड उघडत नसेल, तर त्यांच्या भाषेत उघड. माझी पाळी मागून आली तरी चालेल. तुझ्याहून मोठी आहे, थांबेन.

जपून राहा. इथे तुझं हक्काचं माणूस आहे.
तुझी,
वन्सं


२८ नोव्हेंबर

तीर्थरूप वन्संना,
सा. न. वि. वि.

सांगितलं. शिंपीणबाईंच्या मशीनसमोर स्टूल ओढून बसले आणि सांगितलं की माझा नवरा पंप दुरुस्त करत नाही, तो मेला आहे. त्यांनी मशीन थांबवलं. खोटं बोललीस म्हणून आधी चांगलं फैलावर घेतलं. मग विचारलं, कसा गेला?

वन्सं, आपल्याकडे अशा वेळी बोलायचं ठरलेलं असतं. देवाघरी गेले, सुटले, वाट बघत गेले. मला रशियनमध्ये असलं काहीच येत नाही. त्यामुळे जे झालं तेवढंच सांगावं लागलं. सांगून झालं तेव्हा कळलं की ते सांगता येतं. दुसऱ्या दिवशी वर्गातही सांगितलं. आचाऱ्याने खिशातून प्रश्नांचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाला, माझे प्रश्न वाया घालवू नकोस, त्यांच्या वतीने तूच उत्तरं दे. दिली.

आता तुमची पाळी. उठायच्या आत लिहिते.

हे तुमची वाट बघत नव्हते. तुम्ही निघाला आहात हे ह्यांना ठाऊकच नव्हतं. दुखण्यापायी तुम्हाला बोलावलंय हे कळलं तर उगीच घाबरतील, म्हणून मी बोलले नव्हते. उशीला टेकून बसले होते, मजेत होते. लहानपणी तुम्ही दोघं एका सायकलवरून उतारावर सुटलात, ती गोष्ट सांगत होते. ब्रेक लागेना. पुढे तुमचे गणिताचे मास्तर पाठमोरे चाललेले. आणि मागच्या सीटवरून तुम्ही ओरडताय की डोळे मीट! इथवर आले आणि स्वतःच हसत सुटले. हसता हसता म्हणाले, थांब, जरा पाणी दे. मी पाणी ओतून वळले, तेवढ्यात गेले. कण्हले नाहीत, कोणाला हाक मारली नाही. त्या खोलीत याहून दुसरं काही झालं नाही.

ती गोष्ट ह्यांनी मला आधी कधी सांगितली नव्हती. त्या मास्तरांचं पुढे काय झालं? आता ते फक्त तुम्हालाच ठाऊक आहे. सविस्तर लिहा, काही गाळू नका.

उत्तराची वाट बघणारी,
तुमची वहिनी