आधी बोटाने बघ

आई, आज दुपारी ऑपरेशन थिएटरमध्ये सुरी टेकवता टेकवता माझा हात थांबला, तो तुझ्यामुळे. तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी तू अधूनमधून टेबलाशी येऊन मला दटावतेस. मला ते आवडतं. आजची बाई आपल्या दिवाळे गावचीच, पहिलटकरीण. बाळाचे ठोके मंदावले म्हणून घाईघाईने सिझेरियनला घेतलेली. तू पोटची पोर डॉक्टर झालेली पाहिलीस, पण मी नेमकं काय करते ते कधी विचारलं नाहीस आणि मीही कधी सांगितलं नाही. ते आज सांगते.

गर्भपिशवी एरवी मुठीएवढी, ओटीपोटात गुपचूप बसलेली. नऊ महिन्यांत ती थेट बरगड्यांपर्यंत चढते, पण सरळ चढत नाही. डावीकडे आतडं वाटेत असतं, म्हणून बहुधा उजवीकडे वळते. वळली की तिची डावी कड पुढे येते, आणि त्या कडेला रक्तवाहिन्या असतात, या दिवसांत चांगल्या फुगलेल्या. मग डोळ्यांना जो मध्य दिसतो तो पिशवीचा मध्य नसतोच. तिथे कापलं तर रक्त आवरता आवरत नाही, बाळ वाचलं तरी आई हातची जाऊ शकते. आज पिशवी नेहमीपेक्षा फारच वळलेली होती. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, ठोके अजून उतरतायत, टाइम नाहीये." आणि मी समोर दिसलं तिथेच कापायला निघाले होते.

मी दहा वर्षांची आहे. घरामागच्या ओट्यावर तू मला पहिल्यांदाच कोयत्यावर, मासे कापायच्या विळीवर, बसवलं आहेस. बोईट मासा मोठा, पोट टम्म, गाबोळीने म्हणजे अंड्यांनी भरलेलं. मला तुझ्यासारखं झरझर कापून दाखवायचं असतं. मी कापते आणि गाबोळी फुटून हातभर पिवळा लगदा होतो. तू ओरडत नाहीस. माझा अंगठा धरून दुसऱ्या माशाच्या पोटावरून सावकाश फिरवतेस. "आदी बोटानी बग गो, गाबोली कंच्या अंगाला हाय. मंग कोयता लाव. घाय कोनाला हाय?" घाई तर तुलाच होती, बेलापूरच्या बाजारात जायचं होतं. फुटलेली गाबोळी कोण घेणार, म्हणून ती तू तव्यावर टाकलीस आणि माझ्या ताटात वाढून म्हणालीस, "गिल आता." तेवढी चविष्ट गाबोळी मी पुन्हा खाल्ली नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

तर आज मी सुरी बाजूला केली आणि हात आत घातला. पिशवीच्या दोन्ही बाजूंना दोरीसारखे दोन बंध असतात. दोन्ही बोटांना लागले की त्यांच्या बरोबर मधे तिचा खरा मध्य. डावा बंध जवळजवळ समोरच आलेला निघाला. मी पिशवी हलकेच सरळ केली आणि खालच्या पातळ भागावर आडवा छेद घेतला. मुलगी झाली, आल्या आल्या थिएटर डोक्यावर घेतलं तिने. आईही सुखरूप आहे. नंतर हात धुताना ज्युनिअर डॉक्टरने विचारलं, "मॅम, बंध चाचपायचं कोणी शिकवलं?" पूर्वी मी पुस्तकाचं नाव सांगायचे, पुस्तकात ते आहेच. आज म्हटलं, "आईने. ती मासे विकायची." बोलून फार बरं वाटलं.

हे पत्र कपाटात तुझ्या लुगड्याच्या घडीत ठेवणार आहे, पुढे कुठे जायचं नाही त्याला. एक मात्र कबूल करते. पहिली गाबोळी चुकून फुटली होती. नंतरच्या तीन मी मुद्दाम फोडल्या, कारण फुटलेलीच तेवढी माझ्या ताटात यायची. आणि फोडण्याआधी ती कुठे आहे ते दर वेळी मी बोटाने नीट बघून घेतलं होतं.